सहा जून सोडून कधीही

२०२५ च्या जून महिन्याचं कॅलेंडर डोळ्यांसमोर आणा. सहा तारखेला शुक्रवार, नऊ तारखेला सोमवार. सहा जून म्हणजे तारखेनुसार शिवराज्याभिषेक दिन. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी म्हणजे तिथीनुसार शिवराज्याभिषेक दिन. ती त्या वर्षी नऊ जूनला आली. मधे शनिवार-रविवार, त्यातही शनिवारी बकरी ईद. म्हणजे नोकरी करणाऱ्या माणसाला बाइक काढून रायगडला जाऊन यायला जो वीकेंड सगळ्यात सोयीचा, त्याच्या अलीकडे एक सोहळा आणि पलीकडे दुसरा.

आम्ही उरणचे अकरा जण. कुणी बंदरात कामाला, कुणी कंपनीत कंत्राटावर, कुणी घरचं दुकान सांभाळणारा, दोन-तीन माझ्यासारखे लॅपटॉपवाले. पावसाळ्याच्या सुरुवातीला एक राइड काढायची, एवढाच आमचा नियम. त्या वर्षी रायगड ठरला. ग्रुपवर तारखेसाठी पोल टाकताना एकाने वर लिहिलं, "सहा जून सोडून कधीही. गर्दी टाळूया." तासाभराने दुसऱ्याचं उत्तर आलं. हा दुसरा दर वर्षी सहा जूनला गडावर असतो, पाच तारखेच्या रात्रीच पाचाडला पोचतो. त्याने लिहिलं, "महाराजांचा राज्याभिषेक टाळायचा? शब्द तरी बघून वापर, भावा."

त्यानंतर बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही. सगळ्यांनी वाचलंय, हे मात्र दिसत होतं.

ही शांतता आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. महाराष्ट्रात काही विषय निघाले की माणूस आधी आपली निष्ठा सिद्ध करतो आणि मग पेट्रोल पंप कुठे आहे ते विचारतो. पण त्या दिवशी मला त्या एका शब्दाने धरून ठेवलं. टाळणं. एखाद्या सोहळ्याला न जाणं हे काही 'करणं' आहे का? न जाणाऱ्याने कुणाला हिशेब द्यायचा असतो का? आणि जो सोहळा लाखो लोकांना आपला वाटतो, त्याच्या वाटेतून मुद्दाम बाजूला होणारा माणूस नक्की कशाच्या बाजूला होत असतो?

तीन प्रकारचं टाळणं

कामाच्या सवयीने मी प्रश्नाचे तुकडे पाडले. टाळणं तीन प्रकारचं असू शकतं.

पहिलं, गर्दी टाळणं. यात काही तत्त्व वगैरे नसतं. रायगडावर चढायला चौदाशेहून जास्त पायऱ्या आहेत, एक रोपवे आहे, महादरवाजाची वाट एकच आहे. त्या वर्षी मान्सूनही ११ जूनची वाट न पाहता २६ मेलाच मुंबईत पोचला होता. पावसात त्या पायऱ्यांचं काय होतं ते जुलै २०२४ मध्ये सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. पाण्याचे लोट पायऱ्यांवरून कोसळत होते आणि माणसं कडेला धरून उभी होती. आमचा पोल चालू असतानाच, ४ जूनला, बंगळुरात आरसीबीच्या विजयोत्सवात चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरी झाली आणि ११ माणसं गेली. आनंद साजरा करायला गेलेली माणसं. गर्दीची भीती ही चैनीतून आलेली नाजूक तक्रार नाही, हे त्या आठवड्यात कुणाला पटवून द्यावं लागलं नाही.

दुसरं, प्रसंग टाळणं. म्हणजे त्या दिवसाभोवती जमलेलं सामान: स्पीकर, कमानी, नेत्यांचे हसरे चेहरे असलेले बॅनर, सायलेन्सर काढलेल्या गाड्या, कोण आधी वर जाणार यावरून होणारी ढकलाढकल. मूळ गोष्टीबद्दल आदर आहे, पण तिच्या आजच्या मांडणीबद्दल नाही, असं म्हणणारे खूप असतात. ते मोठ्याने म्हणत नाहीत इतकंच.

तिसरं, अर्थ टाळणं. म्हणजे तो सोहळा ज्यासाठी आहे तेच मला मान्य नाही किंवा त्याच्याशी माझा संबंध नाही, असं सांगण्यासाठी न जाणं.

पोल टाकणारा पहिल्या अर्थाने बोलला होता. उत्तर देणाऱ्याने तिसऱ्या अर्थाने ऐकलं. मधलं दुसरं टाळणं खरं तर सगळ्यात जास्त जणांच्या मनात होतं आणि त्याबद्दल कुणीच बोललं नाही. बरीच भांडणं अशीच होतात. दोन टोकांचे लोक भांडतात आणि मधले खाली मान घालून स्क्रोल करतात.

न जाण्याचा इतिहास

तिसऱ्या प्रकारच्या टाळण्याला आपल्याकडे मोठा इतिहास आहे, पण तो परक्या राजांच्या बाबतीतला.

१२ डिसेंबर १९११ चा दिल्ली दरबार. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी सिंहासनावर, आणि हिंदुस्थानातले संस्थानिक एकामागून एक पुढे येऊन मुजरा करणार. पाठ न दाखवता मागे मागे जायचं, हा शिष्टाचार. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड आले, लवून अभिवादन केलं, वळले आणि पाठ करून निघून गेले. काही पावलांचा मामला. पण त्यावर इतकं काहूर उठलं की त्यांना व्हाइसरॉयला पत्र लिहून खुलासा करावा लागला. मनात अपमान करायचा होता की नव्हता, यावर आजही दोन मतं देता येतील. मला त्यात वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. सोहळा जितका भव्य, तितकी त्यातली लहानशी अनुपस्थिती मोठी दिसते. हजर राहूनही माणूस चार पावलांपुरता गैरहजर राहू शकतो, आणि सत्तेला तेवढंही सहन होत नाही.

मग १७ नोव्हेंबर १९२१. प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईत उतरला. काँग्रेसने बहिष्कार पुकारलेला. हजारो लोक स्वागताला गेले नाहीत. हे त्यांचं म्हणणं होतं आणि ते स्पष्ट होतं. पण काही लोक गेले. पारशी, ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन. परतताना त्यांना गाठून मारहाण झाली, मग उलट बाजूने हल्ले झाले, आणि काही दिवसांत पन्नासहून जास्त माणसं मेली. गांधीजी तेव्हा मुंबईतच होते. त्यांनी उपोषण केलं. बहिष्काराची हाक देणाऱ्या माणसालाच बहिष्कार टाकणाऱ्यांच्या विरोधात अन्न सोडावं लागलं.

आणि गंमत बघा, त्यानंतर दोनच दिवसांनी, १९ नोव्हेंबरला, तोच राजपुत्र पुण्यात होता, आणि शिवाजी महाराजांच्या स्मारकाची कोनशिला त्याच्या हस्ते बसवली जात होती. बोलावणारे होते राजर्षी शाहू महाराज. त्यांची कारणं वेगळी होती. ब्राह्मणेतर समाजाला स्वतःची जागा आणि स्वतःचा इतिहास हवा होता, आणि त्यासाठी कुणाला मंचावर बोलवायचं याचं त्यांचं गणित काँग्रेसपेक्षा निराळं होतं. एकाच आठवड्यात, एकाच राजपुत्राच्या बाबतीत, काही मराठी माणसांना न जाणं हे कर्तव्य वाटलं आणि काहींना जाणं. दोघांनाही आपण आज मूर्ख म्हणू शकत नाही.

यातून माझ्या हाती एक गोष्ट लागते. न जाण्याला अर्थ येतो तो जाण्याची मोकळीक असेल तेव्हाच. आणि जाण्यालाही अर्थ येतो तो न जाण्याची मोकळीक असेल तेव्हाच. मुंबईत १९२१ मध्ये ज्या क्षणी 'आम्ही जाणार नाही'चं 'तुम्हीही जायचं नाही' झालं, त्या क्षणी बहिष्कारातला नैतिक भाग संपला. उलट दिशेनेही तेच. ज्या दिवशी हजेरी हा निष्ठेचा पुरावा होईल, त्या दिवशी गडावरच्या गर्दीत प्रेमाने आलेला कोण आणि भीतीने आलेला कोण, हे कुणालाच सांगता येणार नाही. खरं तर दर वर्षी प्रेमाने जाणाऱ्या आमच्या मित्राचंच त्यात सगळ्यात जास्त नुकसान आहे.

राज्याभिषेकाला साक्षीदार का लागतात

पण शिवराज्याभिषेक म्हणजे पंचम जॉर्जचा दरबार नव्हे, हे कबूल करूनच पुढे जायला हवं.

१६७४ पर्यंत शिवाजी महाराजांकडे किल्ले होते, सैन्य होतं, आरमार होतं, मुलूख होता. पण दिल्लीच्या आणि विजापूरच्या नजरेत ते एक बंडखोर जहागीरदारच होते. राज्याभिषेकाने ते बदललं. छत्र आलं, स्वतःचा शक सुरू झाला, नाणी पडली, अष्टप्रधान मंडळाला रीतसर रूप आलं. हे बदल तलवारीने होत नाहीत. ते लोकांसमोर, लोकांच्या मान्यतेने होतात. म्हणून त्या दिवशी गडावर माणसं असणं गरजेचं होतं. ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन मुंबईहून आला. चौल, अष्टमी, निजामपूर असा त्याचा मार्ग. पाचाडला पोचला तर महाराज प्रतापगडावर भवानीच्या दर्शनाला गेलेले. त्याला गडाखाली थांबावं लागलं. मग वर जाऊन त्याने सोहळा पाहिला आणि लिहून ठेवला. परक्याने येऊन पाहणं हाही त्या सोहळ्याचा भाग होता. राजा आहे हे जगाने मान्य करणं, हेच तर तिथे घडत होतं.

म्हणजे १६७४ मध्ये हजर राहण्याला वजन होतं. साक्षीदार नसते तर सोहळा अपुरा राहिला असता.

आज? महाराजांचं राजेपण आता आपल्या हजेरीवर अवलंबून नाही. कुणी आलं नाही म्हणून ते कमी होत नाही. मग सहा जूनची गर्दी कुणासाठी असते? मला वाटतं, ती एकमेकांसाठी असते. आपण इतके आहोत, हे बघण्यासाठी. आणि ही गरज छोटी नाही. वारीत कुणी गर्दीला अडथळा म्हणत नाही, कारण तिथे सोबत चालणं हाच गाभा असतो. विठ्ठल आदल्या महिन्यातही तिथेच उभा असतो, रांगही लहान असते, तरी लोक आषाढीलाच जातात. माझा मित्र मला हेच सांगत होता. आमच्या दोघांच्या फोनवर झालेल्या बोलण्यात तो म्हणाला, "तू ज्याला गर्दी म्हणतोस ना, त्यातल्या अर्ध्या लोकांनी मला पाणी दिलंय."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते असायला हवं असंही मला वाटलं नाही.

जवळ राहणाऱ्याची चैन

त्याच्या बोलण्यातून आणखी एक गोष्ट निघाली. सहा जूनला येणाऱ्यांत मराठवाड्यातून, विदर्भातून रात्रभर जीपमध्ये बसून आलेली मुलं असतात. पाचाडला उतरून ती अनवाणी गड चढतात. त्यातल्या अनेकांचा तो वर्षातला एकमेव प्रवास असतो. आम्ही मात्र उरणचे. आमच्या जिल्ह्याचं नावच १९८१ पासून रायगड आहे. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. टाकी फुल केली की झालं. आम्हाला सहा जून नको असेल तर बावीस जून आहे, नाहीतर ऑक्टोबर आहे.

गर्दी टाळता येणं ही जवळ राहणाऱ्याची आणि रजा मिळणाऱ्याची चैन आहे. ज्याच्याकडे एकच दिवस आहे, त्याच्यासाठी गर्दी हा प्रश्नच नसतो. तो दिवसच गर्दीचा असतो. म्हणून 'काय ती गर्दी, कशाला जातात लोक' हे वाक्य मला आता जड जातं. न जाणं हा माझा हक्क आहे. जाणाऱ्याला हसणं हा त्या हक्काचा भाग नाही.

याच रस्त्यावर महाड लागतं. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक चवदार तळ्यावर गेले. तळं सार्वजनिक होतं, नगरपालिकेने खुलं केलेलं होतं, तरी प्रत्यक्षात त्यांना बंद होतं. ते पाणी पिण्यासाठी गेले, आणि त्याहून जास्त म्हणजे आपण इथे येऊ शकतो हे सांगण्यासाठी गेले. आजही तिथे त्या तारखेला गर्दी होते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बाहेर ठेवलं, त्यांच्या गर्दीला आपण ट्रॅफिक म्हणायचं का? आधी हजर राहण्याचा हक्क मिळावा लागतो, मगच गैरहजर राहण्याला काही अर्थ येतो. न जाणारा आणि जाऊ न दिलेला, दोघंही बाहेरच दिसतात, पण त्यांची गोष्ट एक नसते. उरणच्या बाइकवाल्याला याची एक छोटी चव माहीत आहे. १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालेला अटल सेतू आमच्या दारात, चिर्ल्याला उतरतो, आणि त्यावर दुचाकीला बंदी आहे. आम्ही अटल सेतू टाळत नाही. तो आम्हाला टाळतो.

सगळ्यांनी असंच केलं तर?

कॉलेजात असताना कांटची एक चाळणी ऐकली होती: तुम्ही जे करताय ते सगळ्यांनी केलं तर चालेल का? चालत असेल तर करा.

ती इथे लावून बघितली. सगळ्यांनीच सहा जून टाळला तर सोहळा उरणार नाही. तसंच, सगळ्यांनीच सहा जूनला यायचं ठरवलं तर गड उरणार नाही. माणसंही धड घरी पोचणार नाहीत. म्हणजे 'जा' हा नियम सगळ्यांसाठी चालत नाही आणि 'जाऊ नका' हाही चालत नाही. करंजाहून रेवसला जाणाऱ्या लाँचसारखं आहे. कुणीच चढलं नाही तर लाँच सुटणार नाही, आणि सगळेच चढले तर बुडेल. त्यामुळे काहींनी चढायचं आणि काहींनी पुढच्या फेरीला थांबायचं, एवढंच शहाणपण शिल्लक राहतं. थांबणारा चढणाऱ्याचा शत्रू नसतो. उलट त्याच्यामुळे चढणाऱ्याला जागा मिळते.

हे मांडल्यावर मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच जरा शंका आली. आपण आपल्या सोयीला त्यागाचं नाव देत नाही ना? कारण थांबणाऱ्यालाही फायदा मिळतोच. सोहळ्याच्या आधी रस्त्याचे खड्डे बुजवले जातात, पायऱ्या साफ होतात, पाण्याची सोय होते. आम्ही दोन आठवड्यांनी जाऊन त्याच बुजलेल्या खड्ड्यांवरून गाडी नेतो आणि त्याच गडावर फोटो काढतो. सोहळा त्यांचा, रस्ता आमचा. थांबण्याला नैतिक म्हणायचं असेल तर या फुकटात मिळालेल्याची काहीतरी परतफेड हवी.

आमची मिरवणूक

ती परतफेड कुठून सुरू होते, हे रूट ठरवताना कळलं. मुंबई-गोवा हायवेवर इंदापूर-माणगावची कोंडी सगळ्यांना माहीत आहे. एकाने मॅप उघडून हायवे सोडून गावांतून जाणारे दोन-तीन रस्ते शोधले. वेळ वाचत होता. त्यातला एक रस्ता एका गावठाणातून, घरांच्या ओट्यांना घासून जात होता.

आम्ही उरणची पोरं. कंटेनरचे ट्रेलर रस्त्याच्या कडेला कसे उभे राहतात आणि त्यामुळे शाळेत जाणारं पोर कुठून चालतं, हे बघत आम्ही मोठे झालो. रविवारी पिरवाडीच्या किनाऱ्यावर बाहेरच्या गाड्या आल्या की गल्लीतल्या म्हातारीला रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो तेही बघितलंय. कुणीतरी कुठली तरी कोंडी टाळून येतो आणि ती आमच्या दारात ठेवून जातो. अकरा बाइक, त्यातल्या चार बुलेट, सकाळी सहा वाजता ओट्यांजवळून गेल्या, तर त्या घरांसाठी आम्हीच मिरवणूक. त्यांनी आम्हाला टाळायला कुठे जायचं?

टाळण्याची खरी परीक्षा इथे आहे असं मला वाटतं. तुम्ही टाळलेला त्रास नाहीसा झाला की दुसऱ्याच्या अंगावर गेला? पाचाडच्या माणसाला सहा जूनही टाळता येत नाही आणि बावीस जूनही. तिथल्या चहावाल्याला, पोलिसाला, रोपवे चालवणाऱ्याला, दुसऱ्या दिवशी पायऱ्यांवरच्या प्लास्टिकच्या बाटल्या वेचणाऱ्या बाईला पोल कुणी पाठवत नाही.

आम्ही हायवेनेच जायचं ठरवलं. पहाटे चारला निघायचं, चार-चार आणि तीन अशा तुकड्या करायच्या, प्रत्येक तुकडीत पंधरा मिनिटांचं अंतर ठेवायचं, पाचाडमध्ये हॉर्न नाही, आणि खायचं ते तिथल्याच माणसाकडे पैसे देऊन. पाण्याच्या बाटल्या आपल्या आपण खाली आणायच्या. यात थोर काही नाही. शेजाऱ्याच्या दारावरून जाताना पाळायची ही साधी रीत आहे.

तारीख ठरली रविवार, २२ जून. नंतर लक्षात आलं की हीच ती तारीख: १८९७ मध्ये २२ जूनला व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाल्याचा उत्सव होता, पुण्यात प्लेगने घरं ओस पडलेली असताना गणेशखिंडीत रोषणाई झाली होती, आणि त्याच रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. एका राजाची तारीख सोडून आम्ही एका राणीच्या तारखेवर जाऊन बसलो होतो. कॅलेंडरमध्ये रिकामा दिवस नसतो, हे ग्रुपवर टाकल्यावर पहिल्यांदा आमचा तो मित्र हसला. तो सहा जूनला गेला आणि बावीसला आमच्याबरोबरही आला. तीन आठवड्यांत दोनदा. त्याने कुणाला त्याचा हिशेब दिला नाही आणि आम्हीही मागितला नाही.

कुठे जावंच लागतं

तरीही एक प्रश्न उरतो. न जाण्याचा हक्क मान्य केला, तर मग कुठे जाणं हे कर्तव्य असतं की नसतंच?

उरण तालुक्यात चिरनेर आहे. २५ सप्टेंबर १९३० ला तिथे जंगल सत्याग्रह झाला. सरकारी जंगल कायद्याविरुद्ध आजूबाजूच्या गावांतले शेतकरी, कोळी, आदिवासी अक्कादेवीच्या डोंगराकडे गेले. गोळीबार झाला. आठ जण हुतात्मा झाले. त्यांत नाग्या महादू कातकरी होता. दर वर्षी त्या दिवशी तिथे मानवंदना होते. तसंच जासई. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन मिळण्याचा मार्ग त्यातून निघाला. आमच्यातल्या निम्म्या जणांच्या बाइकचे पैसे, माझ्या इंजिनिअरिंगची फी, कुठून ना कुठून त्या जमिनीशी जोडलेली आहे.

या दोन दिवसांना टाळायला कुणाला पोल घ्यावा लागत नाही. ट्रॅफिक जाम होत नाही. न जाणं इतकं सोपं आहे की त्याला टाळणंसुद्धा कुणी म्हणत नाही.

सहा जूनला रायगडावर माझ्या नसण्याने कुणाचं काही अडत नाही. तिथे माझी हजेरी म्हणजे समुद्रात ओंजळभर पाणी. पण चिरनेरला पंचवीस सप्टेंबरला खुर्च्या मोजता येतात. तिथे एक माणूस नसला तर एक खुर्ची रिकामी दिसते. म्हणून मला वाटतं, हजर राहण्याचं कर्तव्य गर्दीच्या उलट्या प्रमाणात असावं. जिथे सगळे जातात तिथे न जाण्याची मोकळीक घ्यावी, जाणाऱ्याचा मान राखून. जिथे कुणी जात नाही तिथे आपल्याला कारण सांगावं लागेल, स्वतःला तरी.

हा नियम सोयीचा नाही. २५ सप्टेंबर कुठल्याही वारी येतो आणि त्याची दर वेळी रजा मिळत नाही. घरून चिरनेर बाइकने फार तर अर्ध्या तासाचा रस्ता आहे, पाऊस असला तर पाऊण तास. अकरा जणांच्या ग्रुपवर त्या तारखेचा पोल अजून कुणी टाकलेला नाही. टाकला तर त्यात 'सोडून कधीही' हा पर्याय ठेवता येणार नाही. तारीख एकच असेल.